विंडोज बदलली अन् हार्ड डिस्क उघडेना? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

पासवर्ड लावलेली बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह नवीन विंडोजवर, लिनक्सवर किंवा मोबाइलला जोडल्यावर उघडत नाही, म्हणून डेटा गेला असं समजू नका. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो, फक्त कुलूप उघडायची पद्धत बदललेली असते. डेटा खरोखर जातो तो नंतर घाईत दाबलेल्या एका बटणाने. कुलूप कसं ओळखायचं, चावी कुठे शोधायची आणि काय अजिबात करायचं नाही, जाणून घ्या सविस्तर.

हा प्रश्न आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडले नाहीत, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ टाकायची तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. गावाकडच्या अनेक जुन्या कॉम्प्युटरना ही अट झेपत नाही. मग कोणी नवीन लॅपटॉप घेतो, कोणी दुकानात नेऊन नवी विंडोज मारून आणतो, तर कोणी फुकट मिळणारं उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतो.

कॉम्प्युटर नवा होतो, पण कामाचा डेटा जुन्याच बाहेरच्या डिस्कवर असतो. फोटोग्राफरचं लग्नाचं शूटिंग, सेवा केंद्रातल्या अर्जांच्या स्कॅन कॉपी, दूध संकलनाचे हिशेब, शाळेचे जुने निकाल, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. डिस्क जोडली की एक तर पासवर्डची चौकट येते, नाहीतर ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ असा इंग्रजी संदेश येतो. घोळ होतो तो इथेच.

कुलूप डिस्कवर, चावी मात्र जुन्या विंडोजकडे

पासवर्ड लावलेल्या डिस्कवरचा डेटा नुसता लपवलेला नसतो. तो गणिती पद्धतीने पूर्ण बदलून लिहिलेला असतो. याला एन्क्रिप्शन म्हणतात. योग्य चावी मिळाल्याशिवाय तो डेटा म्हणजे निव्वळ अर्थहीन आकडे.

ही चावी डिस्कवरच, पण पासवर्डच्या आड बंद करून ठेवलेली असते. त्यामुळे कॉम्प्युटर बदलला तरी पासवर्ड तोच राहतो. ज्याला पासवर्ड पाठ आहे, त्याची अर्धी लढाई तिथेच जिंकली.

अडचण होते ती दुसऱ्याच कारणाने. विंडोजमध्ये ‘या कॉम्प्युटरवर आपोआप उघडा’ अशी सोय आहे. एकदा ती चालू केली की डिस्क जोडताच उघडते, पासवर्ड टाकावाच लागत नाही. तीन-चार वर्षं असंच चालतं आणि माणूस पासवर्ड विसरून जातो. आपोआप उघडण्याची ही चावी जुन्या विंडोजच्या पोटात साठवलेली असते. दुकानदाराने ती विंडोज पुसून नवी टाकली की ही चावीही गेली. डिस्कला काहीच झालेलं नसतं, रोज दार उघडून देणारा माणूस तेवढा निघून गेलेला असतो.

आधी कुलूप कोणतं ते ओळखा

सगळी कुलपं एकसारखी नसतात. डिस्क जोडल्यावर काय दिसतं, ते शांतपणे बघा:

• डिस्कच्या चित्रावर पिवळं कुलूप दिसतं आणि विंडोज पासवर्ड मागते: हे विंडोजचं स्वतःचं ‘बिटलॉकर’ कुलूप.

• डिस्कऐवजी सीडीसारखा एक छोटा ड्राइव्ह दिसतो आणि त्यात ‘अनलॉक’ नावाचा प्रोग्राम असतो: हे डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं कुलूप. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’ डिस्कमध्ये ते आढळतं.

• विंडोज थेट ‘फॉरमॅट करा’ म्हणते: डिस्क लिनक्सवर किंवा ॲपलच्या मॅकवर तयार केलेली असू शकते, ‘व्हेराक्रिप्ट’ने बंद केलेली असू शकते किंवा खरोखर बिघडलेली असू शकते.

• डिस्क उघडते, फोल्डरची नावं दिसतात, पण आत जाताना ‘परवानगी नाही’ असं येतं: हे कुलूप नाही, हक्काचा प्रश्न आहे.

• फाइलचं नाव दिसतं, पण फाइल उघडत नाही आणि तिच्या चित्रावर छोटंसं कुलूप आहे: हे विंडोजचं फाइलपुरतं कुलूप. यात धोका जास्त, त्याबद्दल पुढे दिलं आहे.

झिप फाइल, एक्सेल किंवा पीडीएफला लावलेले पासवर्ड यात येत नाहीत. ती कुलपं फाइलसोबतच जातात. कॉम्प्युटर कोणताही असो, जुनाच पासवर्ड टाकायचा.

‘फॉरमॅट’ दिसलं की हात मागे घ्या

विंडोजला डिस्कवरचा मजकूर समजला नाही की ती ‘फॉरमॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’ अशी दोन बटणं दाखवते. तिच्या लेखी ती रिकामी डिस्क असते. अशा वेळी ‘कॅन्सल’च दाबा. मॅकवर ‘इनिशियलाइज’, ‘इजेक्ट’ आणि ‘इग्नोर’ असे पर्याय येतात. तिथे ‘इनिशियलाइज’ला हात लावू नका.

मोबाइलवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं. ओटीजी केबलने कुलूपबंद डिस्क अँड्रॉइड फोनला जोडली की फोनला ते कुलूप कळत नाही. ‘हा यूएसबी ड्राइव्ह चालत नाही, सेटअप करण्यासाठी टॅप करा’ अशा अर्थाची सूचना वर येते. सेटअप म्हणजे काहीतरी दुरुस्ती असेल, असं वाटून माणूस पुढे पुढे टॅप करत जातो. पण तो सेटअप म्हणजेच फॉरमॅट. अशी डिस्क फोनला जोडूच नका. चुकून जोडली गेली आणि सूचना आली, तर ती बाजूला सारा आणि केबल काढा.

साध्या डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं, तर रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून काही फोटो परत मिळू शकतात. कुलूपबंद डिस्कवर तशी आशा फार कमी. पासवर्डच्या आड ठेवलेली चावी डिस्कच्याच ठरावीक जागी लिहिलेली असते. ती जागा पुसली गेली, की नंतर पासवर्ड बरोबर आठवला तरी उपयोग नाही. कुलूपच गेलं, किल्ली लावणार कशाला?

विंडोजवरून विंडोजवर: सगळ्यात सोपं काम

बिटलॉकरची डिस्क दुसऱ्या विंडोज १० किंवा ११ कॉम्प्युटरला जोडा. ‘धिस पीसी’मध्ये पिवळं कुलूप असलेल्या ड्राइव्हवर दोनदा क्लिक करा. पासवर्डची चौकट येईल. पासवर्ड टाकला की झालं.

इथे एक गैरसमज आहे. ‘माझ्या लॅपटॉपमध्ये होम आवृत्ती आहे, बिटलॉकर फक्त प्रोमध्ये चालतं’ असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. होम आवृत्तीत बाहेरच्या डिस्कला नव्याने असं कुलूप लावता येत नाही, पण दुसरीकडे लावलेलं कुलूप पासवर्ड टाकून उघडता येतं. तेवढ्यासाठी प्रो विकत घ्यायची गरज नाही.

डिस्क उघडली की लगेच रोजच्या कामाला लागू नका. आधी महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. नंतरचे प्रयोग निवांत करता येतील.

पासवर्ड आठवत नाही? ४८ आकडे शोधा

बिटलॉकर लावताना विंडोज एक दुसरी चावीही तयार करते. तिला ‘रिकव्हरी की’ म्हणतात. ही चावी ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती कुठेतरी जपून ठेवल्याशिवाय विंडोज पुढे जाऊ देत नाही. म्हणजे ती कधीतरी, कुठेतरी ठेवलेली असणारच. पासवर्डच्या चौकटीत ‘आणखी पर्याय’ निवडला की ही चावी टाकण्याची जागा येते.

ती शोधायची कुठे?

१. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटची वेबसाइट उघडून लॉग इन करा, ‘डिव्हायसेस’मध्ये जा आणि ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ बघा. घरात दोन-तीन ईमेल असतील तर प्रत्येक ईमेलने लॉग इन करून बघा.

२. ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ अशा इंग्रजी नावाने सुरू होणाऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये. जुने पेन ड्राइव्ह, ईमेल, गुगल ड्राइव्ह, अगदी स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेजही धुंडाळा.

३. कागदावर. बिलाच्या फाइलमध्ये, वॉरंटी कार्डाच्या पाकिटात छापील पान ठेवलेलं असू शकतं.

४. डिस्क शाळेची, बँकेची किंवा सरकारी कार्यालयाची असेल, तर तिथल्या संगणक विभागाकडे.

खात्यात अनेक चाव्या दिसल्या तर गोंधळू नका. पासवर्डच्या चौकटीवर ‘की आयडी’ म्हणून आठ अक्षर-आकड्यांचा क्रमांक दाखवलेला असतो. त्याच क्रमांकाची चावी तुमच्या डिस्कची.

कागदावर हाताने लिहिलेली चावी असेल आणि एखादा आकडा एक आहे की सात हे कळत नसेल, तर एक युक्ती चालते. सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. उदाहरणार्थ, १३५७९५ ला ११ ने भागलं की बरोबर १२३४५ येतात. त्यातला सात चुकून एक वाचला, तर १३५१९५ होतं आणि भाग जात नाही. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक गट तपासला की चुकलेला गट लगेच सापडतो.

पासवर्डही नाही आणि हे ४८ आकडेही नाहीत, अशी वेळ आली तर खरं ते ऐकून घ्यायला हवं. मायक्रोसॉफ्टकडे मागचा दरवाजा नाही. चावी खात्यात जपलेली नसेल तर कंपनीही ती तयार करून देऊ शकत नाही. तरीही डिस्क फॉरमॅट करण्याची घाई नको. ती बाजूला ठेवून द्या. जुनं ईमेल किंवा कागद वर्षभराने सापडला, तरी डिस्क तेव्हाही उघडेल.

बिघडलेल्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये टाकली तर?

लॅपटॉपचा बोर्ड जळाला की दुकानदार आतली डिस्क काढून केसिंगमध्ये बसवून देतो आणि ती बाहेरची डिस्क म्हणून जोडता येते. पूर्वी हे सरळ जमायचं. आता अनेक नवीन लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करताच आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला याची खबरही नसते, कारण लॅपटॉपमधली टीपीएम चिप रोज गुपचूप चावी फिरवून देत असते.

तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तिथे ती चिप नसते. मग डिस्क थेट ४८ आकडे मागते. ‘मी कधी पासवर्ड लावलाच नव्हता’ असं मालक शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं.

अशा वेळी चावी असते ती लॅपटॉप पहिल्यांदा ज्या ईमेलने सुरू केला, त्याच्या खात्यात. लॅपटॉप घेताना दुकानदारानेच स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने तो सुरू करून दिला असेल, तर चावी त्याच्या खात्यात गेलेली असू शकते. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलने सुरू केला असेल, तर तिथे. म्हणून नवीन लॅपटॉप घेताना आग्रह धरा: पहिलं लॉग इन आपल्याच ईमेलने करायचं आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडेच ठेवायचा.

विंडोज सोडून लिनक्स घेतलं असेल तर

‘लिनक्सवर विंडोजचं कुलूप उघडत नाही’ हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. आता तशी परिस्थिती नाही. उबंटू २२.०४, लिनक्स मिंट २१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत बिटलॉकरची डिस्क जोडून फाइल मॅनेजरमध्ये तिच्यावर क्लिक केलं की पासवर्डची चौकट येते. तिथे विंडोजचाच पासवर्ड टाकायचा. पासवर्ड नसेल, तर त्याच जागी ४८ आकड्यांची चावी मधल्या आडव्या रेघांसह टाकली तरी चालते.

चौकट आली नाही तर ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम उघडा. डाव्या बाजूला आपली डिस्क निवडा, मग कुलपाचं चिन्ह असलेलं बटण दाबा. शेजारच्या मेनूत फॉरमॅटचाही पर्याय असतो, तेव्हा बघूनच क्लिक करा. लिनक्सची आवृत्ती फार जुनी असेल, तर ‘डिसलॉकर’ नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो. त्यासाठी कमांड टाकाव्या लागतात, म्हणून ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. किंवा सरळ नवी आवृत्ती टाका.

पासवर्ड स्वीकारला गेला, तरी पुढे ‘डिस्क जोडता येत नाही’ असं आलं, तर कुलूप दोषी नाही. विंडोजवरून डिस्क ‘इजेक्ट’ न करता ओढून काढली असेल, तर तिच्यावर अर्धवट कामाची खूण राहते आणि लिनक्स ती डिस्क घ्यायला नकार देतं. अशा वेळी कोणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरवर डिस्क उघडा, आधी महत्त्वाचा डेटा कॉपी करा, मग ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘चेक’ करा. नंतर ‘इजेक्ट’ करूनच काढा आणि पुन्हा लिनक्सला लावा.

कंपनीचं कुलूप लिनक्सवर का अडतं?

‘माय पासपोर्ट’सारख्या डिस्कला कंपनीच्या प्रोग्रामने पासवर्ड लावलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कुलूप डिस्कच्या आतल्या सर्किटमध्ये असतं. ते उघडणारा प्रोग्राम कंपनीने विंडोज आणि मॅकसाठीच दिलेला असतो. लिनक्सवर तो छोटा सीडीसारखा भाग दिसतो, पण आतला प्रोग्राम चालत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे शेजारच्याचा किंवा सेवा केंद्रातला विंडोज कॉम्प्युटर थोडा वेळ मागून घ्या. तिथे डिस्क अनलॉक करा, कंपनीच्या सिक्युरिटी प्रोग्राममध्ये जाऊन पासवर्ड काढून टाका, मग डिस्क लिनक्सवर आणा. ती साध्या डिस्कसारखी उघडेल.

अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. पाच वेळा चुकला की प्रोग्राम पुढचे प्रयत्न थांबवतो. काही वेळा त्यानंतर डिस्क पुसून टाकण्याचा पर्याय समोर येतो, तो स्वीकारू नका. पासवर्ड कायमचा विसरला असेल, तर कंपनीही तो काढून देत नाही. ‘केसिंग फोडून आतली डिस्क थेट जोडतो’ असं कोणी म्हणालं, तर थांबवा. अशा डिस्कमध्ये चावी सांभाळणारं सर्किट नेमकं त्या केसिंगच्याच बोर्डावर असतं. ते वेगळं केलं की उरतात ते अर्थहीन आकडे.

उलट प्रवास: लिनक्स किंवा मॅकवरून विंडोजवर

लिनक्सवर लावलेलं ‘लक्स’ नावाचं कुलूप विंडोजला कळत नाही, ती थेट फॉरमॅट मागते. यावर स्वस्तातला मार्ग आहे. आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर उबंटू किंवा मिंट टाकून घ्या. त्या पेन ड्राइव्हने कॉम्प्युटर सुरू केला की लिनक्स इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं. कॉम्प्युटरमधल्या विंडोजला धक्का लागत नाही, फक्त सुरुवातीला येणारा ‘इन्स्टॉल’चा पर्याय निवडायचा नाही. आता कुलूपबंद डिस्क जोडा, पासवर्ड टाका आणि डेटा दुसऱ्या साध्या डिस्कवर कॉपी करा.

मॅकवर कुलूप लावलेली डिस्क मात्र विंडोज उघडत नाही. तिथे मॅक असलेला माणूस शोधून डेटा उतरवून घेणं हाच सोपा मार्ग. उलट बाजूने, मॅकलाही बिटलॉकर आपणहून उघडता येत नाही. त्यासाठी विकतचे प्रोग्राम मिळतात, पण विंडोज कॉम्प्युटरवर डेटा कॉपी केला तर तो खर्च वाचतो.

डिस्क कायम विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे फिरवायची असेल, तर ‘व्हेराक्रिप्ट’ हा फुकट प्रोग्राम सोयीचा. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. पण त्याने पूर्ण डिस्क बंद केली, तर विंडोज तिलाही रिकामी समजून फॉरमॅट विचारते. म्हणून डिस्कवर एक बंद पेटीसारखी फाइल करून तिच्यात डेटा ठेवणं जास्त सुरक्षित.

‘परवानगी नाही’ म्हणजे कुलूप नाही

जुन्या विंडोजवरचं फोल्डर नव्या विंडोजवर उघडताना ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं येतं, तेव्हा घाबरू नका. फोल्डरवर जुन्या वापरकर्त्याचा हक्क नोंदलेला असतो आणि नव्या विंडोजला तो माणूस ओळखीचा नसतो. सातबाऱ्यावर आधीच्याच मालकाचं नाव राहावं, तसंच हे. ‘कंटिन्यू’ दाबलं की बहुतेक वेळा हक्क नव्या वापरकर्त्याकडे येतो. फोल्डर मोठं असेल तर वेळ लागतो, मध्येच केबल काढू नका.

फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप असेल, तर मात्र ते खरं एन्क्रिप्शन आहे. त्याची चावी म्हणजे जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राची कॉपी घेतलेली नसेल आणि जुनी विंडोज पुसली गेली असेल, तर ‘कंटिन्यू’ दाबून काही होत नाही. म्हणून विंडोज बदलण्याआधीच असं कुलूप काढायला हवं. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा आणि एन्क्रिप्टच्या चौकटीतली खूण काढून टाका.

पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘चुकीचा’ म्हणतो

नवीन कॉम्प्युटरवर हे हमखास घडतं आणि कारण अगदी साधं असतं. कीबोर्ड मराठीत राहिलेला असतो, कॅप्स लॉक चालू असतं किंवा नम लॉक बंद असतं. लिनक्स टाकताना कीबोर्ड ‘यूके’ निवडला असेल, तर ‘ॲट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांच्या जागा अदलाबदल होतात. पासवर्डमध्ये ‘ॲट’ असेल तर तो कधीच जुळणार नाही. उपाय सोपा आहे: आधी नोटपॅडसारख्या कोऱ्या जागेत पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी बघा, मग चौकटीत टाका. आणि नोटपॅडमधला पासवर्ड पुसून टाकायला विसरू नका.

दुकानात नेताना आणि फोनवर बोलताना

डिस्क दुकानात द्यायची वेळ आली, तर दोन गोष्टी स्पष्ट सांगा, शक्यतो पावतीवर लिहूनच घ्या: ‘आत डेटा आहे’ आणि ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करायची नाही’. पासवर्ड पावतीवर लिहू नका. समोर बसून स्वतः टाइप करा. डिस्कवर लोकांच्या आधार कार्डांच्या कॉपी, बँकेचे कागद असतील तर हे जास्तच महत्त्वाचं.

‘बिटलॉकर तोडून देतो, आधी पैसे पाठवा’ असं सांगणारे इंटरनेटवर भेटतील. मजबूत पासवर्डचं बिटलॉकर चावीशिवाय तोडून देणारा प्रोग्राम बाजारात नाही. कुठल्याही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं ॲप चालू करू नका, ओटीपी देऊ नका, ४८ आकड्यांची चावी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

विंडोज बदलायच्या आदल्या दिवशी

वर सांगितलेली निम्मी धावपळ आधीच टाळता येते. जुनी विंडोज चालू आहे तोवर डिस्क आपोआप उघडते, म्हणजेच कुलूप काढण्याची संधी हातात आहे. एकदा विंडोज पुसली की ती संधी गेली. म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं करा:

१. बाहेरच्या सगळ्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह एकेक करून जोडा. कुणावर कुलपाचं चिन्ह दिसतं का, ते बघा.

२. कुलूप असेल तर पासवर्ड खरंच आठवतो का, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडून तपासा. आपल्या कॉम्प्युटरवर ती आपोआप उघडते, तिथे ही परीक्षा होत नाही.

३. पासवर्ड आठवत नसला तरी डिस्क आपोआप उघडलेली असेल, तर ‘मॅनेज बिटलॉकर’मध्ये जाऊन ‘बॅकअप रिकव्हरी की’ निवडा आणि ४८ आकड्यांची चावी छापून घ्या.

४. लिनक्सवर किंवा मॅकवर जाणार असाल, तर ‘टर्न ऑफ बिटलॉकर’ करून कुलूपच काढून टाका. मोठ्या डिस्कला यात काही तास लागू शकतात. लाइट जाण्याची वेळ टाळा आणि लॅपटॉप चार्जिंगला ठेवा. हा पर्याय दिसत नसेल, तर उघडलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या साध्या डिस्कवर कॉपी करा.

५. आतल्या डिस्कवर आपोआप कुलूप आहे का, तेही सेटिंग्जमध्ये बघा आणि तिचीही चावी लिहून ठेवा.

६. महत्त्वाच्या डेटाची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. एकाच डिस्कवर एकच कॉपी असेल, तर कुलूप नसलं तरी ती डिस्क खाली पडल्यावर सगळं संपतं.

चावीचा कागद डिस्कच्या पाऊचमध्ये ठेवू नका, तसं करणं म्हणजे घराची किल्ली कुलपालाच टांगून ठेवण्यासारखं आहे. शेतीचे कागद, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले ज्या कपाटात असतात, त्यातच हा कागद ठेवा. कोणत्या डिस्कची चावी आहे, तेही वर लिहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला जागा सांगून ठेवा. डिस्कवर फोटो सगळ्या घराचे असतात, मग ती उघडणारा माणूस एकच असून चालत नाही.